निसर्ग हाच पहिला स्थपती

पाऊस, वारा आणि जांभा यांनी घडविलेले कोकणातील घर आधुनिक वास्तुरचनेला काय शिकवू शकते?

प्रतिनिधी, रत्नागिरी

रत्नागिरी शहरात आणि आसपासच्या गावांत आज एक दृश्य सर्रास आढळते. सिमेंट-काँक्रीटचे नवे घर, त्यावर सपाट स्लॅब आणि त्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून घातलेले उतरते पत्रे. स्लॅब गळू लागला, उन्हाळ्यात वरची खोली तापू लागली, की घरमालक पत्र्याचा आधार घेतो. आजोबांच्या काळातील कौलारू घर पाडताना जो उतार काढून टाकला, तोच उतार नातवाला वेगळा खर्च करून परत आणावा लागतो. कोकणच्या पावसापुढे सपाट छपराचा हट्ट फार काळ टिकत नाही, याची ही दारोदारी मिळणारी साक्ष आहे.

निसर्गापासून वास्तुरचनेला मिळणारी प्रेरणा हा विषय गेल्या काही दशकांत जगभर चर्चेत आहे. वारुळावरून सुचलेली इमारत, कमळाच्या पानावरून सुचलेला रंग, झाडाच्या फांद्यांसारखे खांब अशी अनेक उदाहरणे दिली जातात. अमेरिकी लेखिका जॅनिन बेन्यस यांच्या १९९७ मधील पुस्तकानंतर जैवअनुकरण ही संकल्पना अभियंते आणि वास्तुविशारद यांच्यात रूढ झाली. तथापि ही गोष्ट केवळ परदेशी प्रयोगशाळांतील नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ती प्रत्येक जुन्या घराच्या वळचणीखाली उभी आहे. ती नीट समजून घेतली, तर आज बांधल्या जाणाऱ्या घरांचे बरेच प्रश्न सुटू शकतात.

प्रेरणेचे तीन मार्ग

निसर्गाकडून घेणे तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार रूप घेण्याचा. फूल, पान, शंख यांचा आकार इमारतीला किंवा तिच्या एखाद्या भागाला दिला जातो. दिल्लीचे १९८६ मध्ये पूर्ण झालेले बहाई उपासना मंदिर हे कमळाच्या आकाराचे आहे; त्याचे वास्तुविशारद फरिबोर्झ साहबा. येथे कमळ हे पावित्र्याचे प्रतीक म्हणून येते.

दुसरा प्रकार युक्ती घेण्याचा. पान पाणी कसे झटकते, बांबू पोकळ असूनही का मोडत नाही, वारुळात हवा कशी खेळते, हे समजून घेऊन तेच तत्त्व इमारतीत वापरायचे. बाह्य आकार सारखा असण्याची येथे गरज नसते.

तिसरा प्रकार सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित. त्या त्या ठिकाणचे ऊन, पाऊस, वारा, माती आणि उतार यांचा कल ओळखून त्यांच्याशी जुळवून घेणारे घर बांधणे. यात निसर्गाची नक्कल नसते. त्याच्याशी तडजोड असते. कोकणातील घर या तिसऱ्या प्रकारात मोडते.

आवळा, कमळ आणि पिंपळपान

महाराष्ट्राला यातील पहिला प्रकार नवा नाही. उत्तर भारतीय नागर शैलीच्या मंदिराच्या शिखरावर, कलशाच्या खाली, कंगोरे असलेले चपटे गोल चक्र दिसते. शिल्पशास्त्रात त्याला आमलक म्हणतात. आमलक म्हणजे आवळा. आवळ्याच्या अंगावर दिसणाऱ्या उभ्या रेषा दगडात मोठ्या करून तेथे बसविलेल्या असतात. मंदिरांच्या छतावरील उमलते कमळ, खांबांवरील पूर्णघट आणि वेलबुट्टी ही त्याच परंपरेतील.

याहून बोलके उदाहरण लेण्यांचे आहे. भाजे, कार्ले, कान्हेरी येथील चैत्यगृहांचा दर्शनी भाग पाहिला, की पिंपळपानासारखी वर टोकदार होत गेलेली कमान लक्षात येते. आतील छताला लाकडी घराच्या वाशांसारख्या कमानी फासळ्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खऱ्याखुऱ्या लाकडी फासळ्या आजही आहेत. दगडात कोरलेल्या गुहेला वाशांची गरज मुळीच नव्हती, कारण डोंगर स्वतःच स्वतःला तोलून धरतो. तरीही कारागिरांनी लाकूड, बांबू आणि गवत यांच्या घराचे रूप दगडात जपले. रत्नागिरी जिल्ह्यातही दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे नदीकाठच्या खडकात खोदलेला २९ लेण्यांचा समूह आहे.

गणपतीपुळ्याला हा विचार आणखी एका टोकाला गेलेला दिसतो. तेथे मंदिराला प्रदक्षिणा घालायची म्हणजे संपूर्ण टेकडीलाच प्रदक्षिणा घालावी लागते, कारण डोंगरालाच देवाचे रूप मानले आहे. रत्नदुर्ग किल्ल्याचीही तीच कथा. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या भूशिराची वळणे घेतच त्याची तटबंदी फिरली, आणि म्हणूनच हा किल्ला घोड्याच्या नालेसारखा दिसतो. तटाची रेषा समुद्राने आणि कड्याने आधीच आखून ठेवली होती; गवंड्यांनी ती गिरवली.

पावसाने आखलेले घर

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे चौपट आहे आणि यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. शिवाय तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येकडून येणारा वारा त्याला आडवा करून भिंतींवर आपटतो. या आडव्या माऱ्याला कोकणात झड म्हणतात. घर बांधताना छतावरून येणारे पाणी आणि बाजूने येणारी झड, असे दोन शत्रू गृहीत धरावे लागतात.

पहिल्याला उत्तर आहे उतार. छपराचे दोन किंवा चार पाखे आढ्यापासून खाली उतरतात आणि पाण्याला थांबायला जागाच देत नाहीत. पूर्वी हे छप्पर गवताने, पेंढ्याने किंवा झावळ्यांनी शाकारले जाई. नंतर कुंभाराची नळीची कौले आली. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि तेथील चपटी, खाचांची कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पोहोचली. गवत असो, नळीचे कौल असो वा मंगलोरी, तत्त्व एकच: वरच्याने खालच्याचा माथा झाकायचा. पक्ष्याची पिसे, माशाची खवले आणि आपल्याकडच्या जंगलातील खवले मांजराचे चिलखत याच रीतीने रचलेले असते. एकही सांधा चिकटविलेला नसतो, तरी पाणी आत शिरत नाही. एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो. अखंड स्लॅबला गेलेला बारीक तडा शोधणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या साध्या युक्तीचे मोल वेगळे सांगायला नको.

झडीला उत्तर आहे पडवी. घराच्या मूळ भिंतींभोवती एका, दोन किंवा चारही बाजूंनी पडवी काढली जाते आणि छप्पर तिच्यावरून खाली, माणसाच्या डोक्याला लागेल इतके उतरते. झड आली तर पडवीपर्यंत येते; माजघर आणि देवघर कोरडे राहते. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीच्या उघड्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधण्याची पद्धत त्याचसाठी. सोडण, करवंटी आणि मग खोबरे ही नारळाची रचना येथे आठवल्याशिवाय राहत नाही. बाहेरचा जाड, सच्छिद्र थर मार खातो आणि आतला गाभा सुरक्षित राहतो. कुणी नारळ समोर ठेवून घराचा आराखडा काढला असे म्हणता येणार नाही. पण एकाच हवामानाने झाडाला आणि माणसाला सारखेच उत्तर सुचविले, एवढे मात्र खरे.

उरलेले काम जोते करते. घर उंच जोत्यावर असल्याने पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर, खालच्या अंगाला पडते आणि उतारावरून निघून जाते. गावातील पाखाड्या, आगरातील ताली, जांभ्याचे गडगे हेसुद्धा याच जलव्यवस्थेचे भाग. गडगा चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेला असतो. त्याच्या फटींतून पाणी वाट काढते, म्हणून मागे पाण्याचा दाब साठत नाही. त्या जागी पाणी निघून जायला छिद्रे न ठेवता बांधलेली सिमेंटची भिंत मुसळधार पावसात ढासळते, याचे कारण याच दाबात आहे.

जांभा : पावसानेच तयार केलेला दगड

कोकणच्या घराचा रंग तांबडा आहे, कारण त्याची भिंत जांभ्याची आहे. जांभा हा पाऊस आणि उष्णता यांनी मिळून घडविलेला दगड आहे. सह्याद्रीचा मूळ खडक काळा बेसाल्ट. उष्ण आणि दमट हवामानात लाखो वर्षे त्याची झीज होत गेली, विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. लोहाच्या गंजाने त्याला तांबडा रंग दिला. या दगडाला लॅटराइट हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन यांनी दिले. आजच्या केरळमधील अंगाडिपुरम येथे लोक हा दगड विटांसारखा कापून घरे बांधतात, हे त्यांनी पाहिले आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याचे नामकरण केले. म्हणजे भूशास्त्रातील या नावाचा उगमच पश्चिम किनाऱ्यावरील बांधकामात आहे.

जमिनीखाली ओलसर असताना जांभा तुलनेने मऊ असतो. टिकावाने किंवा आजच्या यांत्रिक करवतीने त्याचे चिरे सहज निघतात. बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवले की तो सुकतो आणि कठीण होतो. विटेला भट्टी लागते, सिमेंटला प्रचंड उष्णता लागते. चिऱ्याला हवा पुरते. त्याच्या अंगातील छिद्रांमुळे भिंत उन्हात लवकर तापत नाही. मात्र याच छिद्रांमुळे तो पाणीही शोषतो. म्हणूनच जांभ्याच्या भिंतीला रुंद वळचण हवी, उंच जोते हवे आणि झडीच्या बाजूला पडवी हवी. साहित्य आणि आकार यांचे नाते असे परस्परांत गुंतलेले असते. छप्पर सपाट करून चिऱ्याची भिंत उघडी टाकली, तर दोष चिऱ्याला देता येत नाही.

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी ब्रिटिशांनी रत्नागिरीत बांधलेला आणि १९१० मध्ये पूर्ण झालेला राजवाडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. राजा १९१६ मध्ये मरण पावला, तोपर्यंतचे अखेरचे दिवस त्याने येथेच काढले. भाट्ये खाडीकडे पाहणारी उंचावरची जागा, लाल जांभा, उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. राजा परका, सत्ताधारी परके. पण वास्तूला मात्र याच भूमीचे नियम पाळावे लागले.

खारे वारे आणि मतलई वारे

शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे हा कोकणातील घराचा तिसरा शिल्पकार. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरील थंड हवा जमिनीकडे येते. रात्री याच्या उलट घडते. देशावरच्या कोरड्या हवेत दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो. तेथे जाड भिंत दिवसाची उष्णता अडवून रात्री सोडते आणि त्याचा लाभ होतो. किनाऱ्यावर हा फरक कमी आणि दमटपणा अधिक. येथे माणसाला गारवा मिळतो तो घाम वाळल्याने, म्हणजेच वाऱ्याने. म्हणून देशावरचा चौसोपी बंदिस्त वाडा आणि कोकणातील बाहेरच्या बाजूने उघडणारे, पडव्यांचे घर यांत फरक पडला.

कौलारू छपरातील फटींचाही येथे उपयोग होतो. तापलेली हवा हलकी होऊन आढ्याकडे जाते आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला पडवीतून सावलीतील हवा आत येते. माळ्यामुळे छपराची उष्णता थेट खालच्या खोलीत उतरत नाही. लोकमान्य टिळकांचे रत्नागिरीतील जन्मस्थान आज स्मारक म्हणून जतन केले आहे. मे महिन्यात दुपारी तेथे गेल्यास बाहेरील आणि आतील हवेतला फरक कुणालाही जाणवेल.

हीच जाणीव ठेवून चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत १९८३ मध्ये कांचनजंगा ही उंच निवासी इमारत उभी केली. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही त्याच दिशेने येतो. जुन्या बंगल्यांनी व्हरांडा काढून हा पेच सोडविला होता. कोरिया यांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीच्या बागेच्या रूपाने थेट उंच मनोऱ्यात नेला. पडवीचे तत्त्व काँक्रीटमध्येही वापरता येते, हे यातून सिद्ध झाले.

वारुळाचा धडा

युक्ती घेण्याच्या प्रकारातील सर्वाधिक उल्लेख होणारे उदाहरण झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथील ईस्टगेट सेंटर हे आहे. वास्तुविशारद मिक पिअर्स आणि अरुप या संस्थेचे अभियंते यांनी १९९६ मध्ये पूर्ण केलेली ही इमारत नेहमीच्या वातानुकूलन यंत्रणेशिवाय चालते. रात्रीची थंड हवा पंख्यांनी इमारतीच्या जड काँक्रीट आणि विटांच्या अंगात खेळवली जाते. ती जडता दिवसभर उष्णता शोषत राहते आणि तापलेली हवा माथ्यावरील धुराड्यांतून निघून जाते. आफ्रिकेतील वाळवीच्या उंच वारुळांवरून ही कल्पना सुचली.

पुढे या गोष्टीत एक रंजक कलाटणी आली. स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की वारूळ आतील तापमान स्थिर राखण्यासाठी हवा खेळवते, हा समज बरोबर नव्हता. आतील तापमान मुख्यतः भोवतालच्या जमिनीच्या तापमानाबरोबर बदलते. वारुळाचे काम फुप्फुसासारखे आहे. बाहेरच्या वाऱ्याच्या लहरींचा उपयोग करून ते आतील दूषित वायू बाहेर टाकते आणि प्राणवायू आत घेते. इमारत उत्तम चालली, पण तिची प्रेरणा अपुऱ्या समजुतीवर आधारलेली होती! यातून घ्यायचा बोध असा, की निसर्गाकडे पाहून सुचलेली कल्पना ही सुरुवात असते. ती त्या जागेच्या हवामानात खरी उतरते की नाही, हे मोजूनच ठरवावे लागते. हरारे उंचावर आहे, तेथील रात्री गार असतात, म्हणून रात्रीच्या हवेने इमारत थंड होऊ शकली. हीच रचना जशीच्या तशी रत्नागिरीत आणली, तर मे महिन्याच्या दमट, उबदार रात्री तिला साथ देणार नाहीत.

अळूचे पान, बांबू आणि काचेचा महाल

अळवावरचे पाणी हा आपल्या भाषेतील क्षणभंगुरतेचा दाखला. त्यामागील विज्ञानही मोठे आहे. अळू आणि कमळ यांच्या पानांवर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक कण असतात. पाण्याचा थेंब त्यांच्या टोकांवर तरंगल्यासारखा राहतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी या गुणाचा सखोल अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्या तत्त्वावर आधारित, बाहेरच्या भिंतींसाठीचा रंग युरोपात बाजारात आला.

बांबूचे गुपित त्याच्या पोकळीत आहे. वाकणाऱ्या दांड्यावर सर्वाधिक ताण बाहेरच्या कडेला येतो. मध्यभागातील द्रव्याला फारसे काम नसते. बांबूने मधले द्रव्य वगळले, सारे बळ कडेला नेले आणि नळी दबू नये म्हणून ठरावीक अंतरावर पेरे दिली. पोलादी नळ्यांच्या बांधकामात अभियंते हेच करतात.

लंडनमधील १८५१ चा क्रिस्टल पॅलेस उभारणारा जोसेफ पॅक्स्टन मुळात बागकाम करणारा. अमेझॉन खोऱ्यातील महाकाय कमळाच्या पानाच्या तळाशी असलेल्या शिरांच्या जाळ्याने तो थक्क झाला होता. ते पान किती भार पेलते हे पाहण्यासाठी त्याने आपल्या लहान मुलीला त्यावर उभे केले होते. पातळ पडदा आणि त्याखाली शिरांचा सांगाडा, हे तत्त्व त्याने काच आणि लोखंड यांत आणले. बार्सिलोनाच्या साग्रादा फॅमिलिया चर्चमध्ये अंतोनी गौदी यांनी खांबांना वर जाऊन फांद्या फोडल्या. त्यात शोभा आहेच, पण छताचा भार अनेक फाट्यांनी गोळा करून एका खोडात आणण्याचा हिशेबही आहे.

नावापुरता निसर्ग

निसर्गप्रेरित हे विशेषण जाहिरातींतून मुक्तहस्ताने वापरले जात असल्याने थोडी सावधगिरी आवश्यक ठरते. पुणे जिल्ह्यातील लवासा या डोंगरी नगराचा आराखडा एचओके या अमेरिकी संस्थेने केला, तेव्हा जैवअनुकरणाचा आधार घेतल्याचे सांगण्यात आले. तेथील मूळ पानझडी जंगल पाऊस कसा झेलते आणि जमिनीत कसा मुरवते, याचा विचार त्यामागे होता. कल्पना उत्तम होती. परंतु नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय परवानगीच्या मुद्द्यावर तेथील काम थांबविण्याचा आदेश दिला, २०११ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये प्रकल्पाची कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. प्रकल्पाच्या इतर बाजूंविषयी मतभेद असतील. पण छपराने जंगलाचे अनुकरण करावे की मुळात डोंगरच हलवू नये, हा प्रश्न या निमित्ताने ऐरणीवर आला.

हाच प्रश्न रत्नागिरीलाही विचारावा लागेल. जांभा स्थानिक आहे, भट्टीविना मिळतो, हे सारे खरे. तथापि तो अक्षय नाही. चिरेखाणी सड्यांवर चालतात. सडा उजाड दिसला तरी पावसाळ्यात तेथे रानफुलांचा बहर येतो आणि सड्यात मुरलेले पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना पुरते. याच सड्यांवर कोकणातील प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, रुंढे तळी ही रत्नागिरी जिल्ह्यातील स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. घराला निसर्गाचा रंग देण्यासाठी सडाच पोखरला, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरेल. पाडलेल्या घरांचे चिरे आजही दुसऱ्या घराला लागतात. चुना किंवा मातीत बांधलेल्या भिंतीचे चिरे सुटे होऊन पुन्हा वापरता येतात. ही प्रथा अधिक रुजायला हवी.

जुने ते सारेच सोने नव्हे

कौलारू घराचे गुणगान करताना त्याच्या अडचणींकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळावी लागतात. ते काम करणारी माणसे कमी झाली आहेत. वानरे कौले फोडतात, वाशांना वाळवी लागते, फणस, ऐन, किंजळ यांचे जुने लाकूड मिळत नाही आणि मिळालेच तर परवडत नाही. घरातील तरुण मुंबईत असतील, तर गावात राहिलेल्या वृद्धांना ही डागडुजी पेलत नाही. स्लॅबकडे वळलेला माणूस केवळ हौसेने वळलेला नाही.

शिवाय समुद्रही पूर्वीपेक्षा वेगळे वागू लागला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा तडाखा मंडणगड आणि दापोली तालुक्यांनाही बसला. कौले आणि पत्रे उडाले, बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गेले. जुने छप्पर हे पावसासाठी घडविलेले होते, एवढ्या वाऱ्यासाठी नव्हे. लांब वळचणीखाली वारा शिरला की छप्पर वर उचलले जाते. चार पाख्यांचे छप्पर दोन पाख्यांच्या छपराहून वाऱ्याला अधिक चांगले तोंड देते, कारण कोणत्याही बाजूला त्याची उभी, सपाट भिंत वाऱ्यासमोर येत नाही. त्याला जोडून वासे भिंतीच्या माथ्याशी लोखंडी पट्ट्यांनी जखडणे आणि कडेच्या कौलांना तारेने बांधणे हे उपाय करता येतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या पट्ट्याने अनुभवलेला असल्याने चिऱ्याच्या भिंतींना जोते, दाराखिडक्यांवरील पातळी आणि छप्पर या ठिकाणी सलग काँक्रीटचे पट्टे देणेही तितकेच गरजेचे. येथे सिमेंट आणि पोलाद यांचे स्वागतच केले पाहिजे.

आणि घर कसे बांधावे याच्याही आधी ते कोठे बांधावे, हा प्रश्न येतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. जुन्या वाड्या बहुधा नदी आणि खाडीपासून वर, उताराच्या कुशीत वसलेल्या आढळतात. सखल भाग भातशेतीसाठी आणि पाण्यासाठी मोकळा असे. खाडीकाठची कांदळवने लाटांचा जोर शोषतात. त्यांच्यावर भराव टाकून उभारलेली इमारत, तिच्या दर्शनी भागावर कितीही पाने-फुले कोरली तरी, निसर्गप्रेरित म्हणता येणार नाही.

आज काय करता येईल?

नवे घर बांधणाऱ्याला जुन्या घराची प्रतिकृती उभारण्याची आवश्यकता नाही. त्यातील तत्त्वे मात्र उचलता येतात. छप्पर सुरुवातीपासूनच उतरते ठेवावे. स्लॅब हवाच असेल तर तोही उतरता ओतता येतो आणि त्यावर कौले बसविता येतात. वळचण भिंतीपासून पुरेशी बाहेर असावी. नैर्ऋत्य आणि पश्चिम बाजूला पडवी, जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली ठेवली, तर झड आणि दुपारचे ऊन यांपासून राहत्या खोल्या वाचतात. समोरासमोर खिडक्या आणि आढ्याजवळ गरम हवेला वाट असेल तर पंख्याचा वेळ कमी होतो. लाकडाऐवजी पोलादी नळ्यांचे वासे चालतील. मात्र खाऱ्या हवेत त्यांना गंजरोधक लेप हवा. अंगण फरशीने पूर्ण झाकू नये, पाणी मुरायला जागा सोडावी.

यातील बहुतेक गोष्टींना जादा खर्च नाही; आराखडा काढताना थोडा विचार लागतो. अडचण अशी, की आराखडे अनेकदा शहरातील घर पाहून काढले जातात आणि जागा मे महिन्यात, कोरडी असताना पाहिली जाते. ज्याला कोकणात घर बांधायचे आहे त्याने एक पावसाळा त्या जमिनीवर फिरून पाहावे. पाणी कोणत्या अंगाने येते, कोठे साठते, झड कोणत्या झाडाला आधी भिजवते, वारा कोठून शिरतो हे नोंदवावे आणि मगच जोत्याची दोरी धरावी. गावातील जुन्या गवंड्याला आणि सुताराला हे सारे ठाऊक असते. ती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घेतलेले बरे.